नळ्या पुन्हा जोडायच्या आहेत? आधी जुना कागद शोधा

"सिस्टर, माझं ऑपरेशन झालंय. नळी परत जोडून मिळते का?"

ओपीडीत हा प्रश्न मोठ्यानं कुणी विचारत नाही. गर्दी ओसरली, की दाराशी घुटमळणारी एखादी बाई आत येते. सोबत आई असते नाहीतर सासू. ती खुर्चीच्या कडेवर बसते आणि पदर बोटाला गुंडाळत विचारते. नोकरीची बरीच वर्षं मी स्त्रीरोग विभागात अशा टेबलामागे काढली. कुणाचं शाळकरी पोर शेततळ्यात बुडालेलं, कुणाचं तापात गेलेलं. कुणी पंचविशीत विधवा झालेली आणि चार-पाच वर्षांनी दुसरं घर केलेली. दोन मुलांनंतर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घेताना यांतलं काहीच त्यांच्या डोळ्यांपुढं नव्हतं, असणारही कसं?

उत्तर असं, की बऱ्याच जणींच्या नळ्या जोडता येतात आणि त्यातल्या बऱ्याच जणींना दिवसही राहतात. मात्र यश कितपत मिळेल, याचा मोठा भाग आधीच ठरून गेलेला असतो. नळी कोणत्या पद्धतीनं बांधली आणि आज तुमचं वय किती, या दोन गोष्टी आता बदलता येत नाहीत. तिसरी गोष्ट नवऱ्याची तपासणी. या तिन्ही गोष्टी पोटाला चीर न देता कळू शकतात. म्हणून पैसा जमवण्याआधी, दागिना मोडण्याआधी त्या कळून घ्या, एवढंच मला मुख्यतः सांगायचंय. बाकीच्या पायऱ्या त्याच क्रमानं खाली दिल्या आहेत.

काय बांधलंय, ते समजून घ्या

गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक नळी असते, साधारण १० ते १२ सेंटीमीटर लांबीची. तिला गर्भनलिका किंवा बीजनलिका म्हणतात. पिशवीजवळ ती अरुंद असते. तिथलं आतलं भोक जेमतेम एक मिलिमीटरचं. पुढे ती रुंदावत जाते आणि टोकाला झालर असते. बीजकोषातून सुटलेलं बीज ही झालर टिपून घेते. बीज आणि शुक्रजंतू यांची गाठ नळीतच पडते आणि तिथून गर्भ तीन-चार दिवसांत पिशवीकडे सरकतो. नळीच्या आतल्या बाजूला सूक्ष्म लव असते, तीच त्याला पुढं ढकलते. त्यामुळे नळी नुसती मोकळी होऊन भागत नाही. ती पुरेशी लांब, लवचीक आणि आतून निरोगी उरलेली असावी लागते.

कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनात बीजकोष आणि पिशवी यांना हात लावत नाहीत. म्हणून पाळी चालू राहते आणि बीजही महिन्याच्या महिन्याला तयार होतं, फक्त वाट बंद असते. काढा, मालिश, लेप, कसल्या पुड्या घेऊन बांधलेली नळी उघडत नाही. कापलेली दोन टोकं औषधानं जुळत नाहीत. त्यावर हजारो रुपये घालवून, दोन-तीन वर्षं हातची घालवून आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पैशांपेक्षा ती वर्षंच जास्त महाग पडतात.

जुना कागद शोधा

पहिलं काम घरातच करायचं आहे. ऑपरेशनच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, नसबंदीचं प्रमाणपत्र, सिझेरियनच्या वेळी नळ्या बांधल्या असतील तर त्या बाळंतपणाची फाईल, जे सापडेल ते काढा. पत्र्याच्या पेटीत, रेशन कार्डाच्या पिशवीत, माहेरी, कुठंही असेल. घरी सापडलं नाही तर जिथं ऑपरेशन झालं त्या ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. साल, महिना आणि त्या वेळचं नाव सांगा. दुसरं लग्न झालेल्यांनी आधीच्या सासरचं आडनाव सांगायला विसरू नका, नोंद त्याच नावानं असते. आशाताईंना बरोबर घेतलं तर रजिस्टर लवकर निघतं.

कागदावर शोधायची आहे ती पद्धत.

पोटावर लहान चीर देऊन केलेलं, म्हणजे गावात ज्याला टाक्याचं ऑपरेशन म्हणतात ते, बहुतेक वेळा पॉमेरॉय पद्धतीचं असतं. नळीचा मधला भाग फासासारखा उचलतात, दोऱ्यानं बांधतात आणि वरचा तुकडा कापून काढतात. यात एक ते दोन-तीन सेंटीमीटर नळी जाते. शिबिरात किंवा रुग्णालयात दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनात आपल्याकडे बहुधा फॅलोप रिंग घालतात. छोटं रबरी कडंच ते, फासावर चढवतात आणि त्यात अडकलेला भाग वाळून जातो. इथेही दोन-तीन सेंटीमीटरचं नुकसान होतं, पण झालरीचा भाग शाबूत राहतो. काही ठिकाणी क्लिप लावतात. तिच्याखाली एक सेंटीमीटरहून कमीच भाग दबतो, म्हणून क्लिप असलेल्या बाईचं नशीब त्यातल्या त्यात बरं. विजेच्या चिमट्यानं नळी जाळली असेल तर नुकसान लांबवर गेलेलं असतं. झालरच कापली असेल तर आशा फार कमी.

आणखी एक गोष्ट नीट पाहा. अलीकडे काही डॉक्टर सिझेरियनच्या वेळी नळ्या बांधण्याऐवजी पूर्णच काढतात, कारण पुढे बीजकोषाचा कर्करोग होण्याचा धोका त्यानं कमी होतो. कागदावर "सॅल्पिंजेक्टमी" असा शब्द दोन्ही बाजूंसाठी लिहिला असेल तर जोडायला नळीच उरलेली नाही. अशा बाईनं या लेखातल्या आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या, भागाकडे सरळ जावं.

जोडल्यावर नळीची एकूण लांबी चार सेंटीमीटरपेक्षा जास्त राहिली, तर दिवस राहण्याची शक्यता चांगली मानतात. आणि पिशवीजवळच्या अरुंद भागाची दोन्ही टोकं एकमेकांना जोडता आली तर निकाल सर्वांत चांगला येतो, कारण दोन्हीकडचं भोक सारख्या मापाचं असतं. अरुंद टोक रुंद टोकाला जोडताना डॉक्टरांची खरी परीक्षा असते.

कागद कुठंच मिळाला नाही, तर हताश होऊ नका. दुर्बिणीतून आत पाहून कळतं. पण त्यालाही भूल लागते आणि खर्च येतो, म्हणून कागदासाठी दोन खेपा जास्त झाल्या तरी चालतील.

तुमच्या आधी त्यांची तपासणी

हे मी ठळक सांगते, कारण एका बाईचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. दुसऱ्या लग्नानंतर तिनं एका खासगी दवाखान्यात नळ्या जोडून घेतल्या. त्यासाठी माहेरच्यांनी म्हैस विकली होती. वर्ष गेलं, दिवस राहिले नाहीत. आमच्याकडे आली तेव्हा नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्यांदाच झाली आणि त्यात एकही शुक्रजंतू नव्हता. चारशे-पाचशे रुपयांची तपासणी ऑपरेशनच्या आधी कुणी सांगितली नव्हती आणि घरात कुणी विचारलीही नव्हती. बाईला आधी मुलं झाली होती, म्हणून नवऱ्यातही दोष नसणार, असं सगळे धरून चालले होते.

तपासणी सोपी आहे. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा. शक्यतो लॅबमध्येच द्यावा, घरून नेला तर तासाभरात पोचवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापांप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख किंवा जास्त शुक्रजंतू आणि त्यांतले ४२ टक्के हालचाल करणारे, ही खालची मर्यादा धरतात. एकदा रिपोर्ट कमी आला म्हणून घाबरू नका. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्या काळात आलेला ताप किंवा आजारपणही आकडा खाली आणतं. तंबाखू, दारू बंद करून तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. दोष मोठा निघाला तर नळ्या जोडून उपयोग नाही, मग आयव्हीएफचाच विचार करावा लागतो.

नवरा तपासणीला तयार नसेल तर डॉक्टरांना सांगा. घरात वाद घालण्यापेक्षा "दोघांची तपासणी झाल्याशिवाय तारीख मिळणार नाही" हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून आलं, की बहुतेक पुरुष ऐकतात.

वय आणि तुमच्या तपासण्या

आपल्याकडे ऑपरेशन लवकर होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९–२१ साली देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींनी नसबंदी करून घेतलेली आढळली. महाराष्ट्रात हे प्रमाण त्याहूनही बरंच जास्त आहे. यांतल्या अनेकींचं ऑपरेशन पंचविशीच्या आसपास झालेलं असतं. त्यामुळे नळी जोडायला येणारी बाई पुष्कळदा तिशीच्या आतबाहेर असते, आणि ही तिच्या बाजूची फार मोठी गोष्ट आहे. पस्तिशीच्या आत, नळी पुरेशी उरलेली असताना, शंभरातल्या साठ-सत्तर जणींना पुढच्या एक-दोन वर्षांत दिवस राहतात. काही ठिकाणचे निकाल याहूनही चांगले आहेत. चाळिशी ओलांडली की हा आकडा तीस-चाळिसांवर येतो आणि त्यात गर्भपात होण्याचं प्रमाणही वाढलेलं असतं. नळी कितीही सुंदर जोडली तरी बीजाचं वय कमी होत नाही.

बीजकोषात साठा किती उरलाय हे पाहायला पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी करतात आणि एएमएच नावाची रक्ततपासणी सांगतात. गर्भपिशवीचा फोटो, म्हणजे एचएसजी, पाळी थांबल्यावर लगेचच्या दिवसांत काढतात. गर्भपिशवीच्या तोंडावाटे आत औषध सोडून एक्स-रे घेतात. त्यातून पिशवीचा आकार कळतो आणि तिच्या बाजूचा नळीचा तुकडा किती उरलाय याचा अंदाज येतो. थोडा वेळ पाळीसारखी कळ येते, सोबत कुणाला तरी न्या.

आपल्या भागात क्षयाची चौकशी नक्की करून घ्या. पिशवीचा आणि नळ्यांचा क्षय खोकल्याशिवायही असतो. पाळी कमी झाली आहे, ओटीपोट दुखतं, पूर्वी घरात कुणाला क्षय झाला होता, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. क्षयानं नळ्या आतून खराब झाल्या असतील तर जोडून फायदा होत नाही.

बाकी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, रक्तगट, कावीळ आणि एचआयव्हीच्या तपासण्या, ईसीजी ही भुलीआधीची नेहमीची यादी आहे. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते वाढवायला दोन-तीन महिने जातात, म्हणून गोळ्या आजच सुरू करा.

मूल गमावलेल्यांसाठी थोडं वेगळं

२००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली, तेव्हा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर असंख्य आयांची सगळी मुलं एका सकाळी वाहून गेली, आणि त्यांच्यातल्या कित्येकींचं ऑपरेशन झालेलं होतं. तिथल्या सरकारनं नळ्या जोडण्याची शस्त्रक्रिया त्यांना मोफत देऊ केली. अशा दुःखात ही शस्त्रक्रिया किती जवळची वाटते, हे त्यावरून समजावं.

तरी माझं एक मागणं आहे. वय पस्तिशीच्या आत असेल तर काही महिने जाऊ द्या. दिवसकार्य उरकल्याबरोबर नातेवाईक तारीख काढायला निघतात, आणि बाई अजून जेवतसुद्धा नसते. तपासण्या हळूहळू चालू ठेवा, ऑपरेशनची घाई नको.

दुसरं असं, की मूल आजारानं गेलं असेल तर आजाराचं नाव कळल्याशिवाय पुढं जाऊ नका. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट या पट्ट्यांत सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. आई-बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक मूल आजारी जन्मण्याची शक्यता असते. थॅलॅसेमियाचंही तसंच. वाहक माणसाला स्वतःला काही त्रास होत नाही, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. दोघांचं रक्त तपासा. दोघंही वाहक निघाले तरी मूल होऊ देण्याचा मार्ग बंद होत नाही, दिवस राहिल्यावर लवकरच गर्भाची तपासणी करता येते. ते आधी माहीत असलेलं बरं.

मूल कुणाला हवंय?

हा प्रश्न मी प्रत्येकीला एकटीला बसवून विचारायचे. सासूला बाहेर चहा घ्यायला पाठवून. दोन मुली आहेत, मुलगा हवा म्हणून सासरच्यांनी आणलेली बाई बोलायला लागली की वेगळीच गोष्ट निघते. पोटावर चीर तिच्या येणार, भूल तिला मिळणार, नऊ महिने ती वागवणार. तिच्या मनातून येत नसेल तर हे ऑपरेशन करू नये, असं माझं ठाम मत आहे. नळी जोडून मुलगाच होईल असं कुणी सांगू शकत नाही. गर्भलिंग तपासणं, गर्भधारणेपूर्वीच लिंग निवडणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. असं काही आमिष कुणी दाखवलं तर तिथून उठून या.

दोन मुलं हयात असताना तिसऱ्याचा विचार असेल तर आणखी एक चौकशी करून ठेवा. राज्यात ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेच्या सदस्यत्वाला दोन अपत्यांची अट आहे. शासकीय नोकरीलाही २००५ च्या लहान कुटुंबाच्या नियमांनुसार ती लागू आहे. घरात कुणी सदस्य असेल, भरतीची तयारी करत असेल, तर हे आधी बोलून घ्या.

नळी जोडायची की आयव्हीएफ?

आयव्हीएफ म्हणजे ज्याला आपण टेस्ट ट्यूब बेबी म्हणतो ते. ही पद्धत मुळात नळ्या बंद असलेल्या बायकांसाठीच शोधली गेली. इंग्लंडमध्ये १९७८ साली जन्मलेल्या पहिल्या बाळाच्या आईच्या नळ्या बंद होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षाचा जन्म झाला, तेव्हापासून महाराष्ट्रात हे नाव घरोघर पोचलं. यात बीज सुईनं बाहेर काढून प्रयोगशाळेत फळवतात आणि गर्भ पिशवीत सोडतात. नळीची गरज पडत नाही.

वय तिशीच्या आसपास, नवऱ्याचा रिपोर्ट चांगला, नळी बऱ्यापैकी उरलेली, आणि एकाहून जास्त मुलं हवीत किंवा दर वेळी पैसे घालणं परवडणारं नाही, अशा बाईला मी नळी जोडून घ्यायला सांगेन. एकदा जोडली की दर महिन्याला घरच्या घरी संधी मिळते. वय ३८-४० च्या पुढं, नवऱ्यात दोष, नळी जळालेली किंवा काढलेली, पूर्वी क्षय झालेला, अशांनी आयव्हीएफकडे वळावं. तिथे तरुण बाईलाही एका प्रयत्नात साधारण तीनात एक एवढंच यश धरावं. खासगीत एका प्रयत्नाचा खर्च औषधांसकट लाखाच्या वर जातो. २०२१ च्या कायद्यानं यासाठी बाईच्या वयाची मर्यादा २१ ते ५० आहे, आणि केंद्र नोंदणी केलेलंच असावं लागतं.

कुठं आणि कुणाकडे

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग विभागात आधी चौकशी करा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हे होतंच असं नाही, कारण त्याला सूक्ष्मदर्शक आणि हात बसलेला डॉक्टर दोन्ही लागतात. केसपेपरवर "रिकॅनलायझेशन", म्हणजे नळ्या पुन्हा जोडणं, हा शब्द लिहून घ्या, म्हणजे पुढच्या खिडकीवर समजावत बसावं लागत नाही.

खासगीत गेलात तर विचारायला लाजू नका. तुम्ही अशी ऑपरेशनं किती केली आहेत? सूक्ष्मदर्शक किंवा भिंग लावून करता का? पोट उघडून करणार की दुर्बिणीतून? उघडल्यावर जोडण्याजोगं नसेल तर काय करणार, आणि तेव्हा बिल किती? या प्रश्नांवर जो डॉक्टर चिडतो त्याच्याकडे मी माझ्या बहिणीला पाठवणार नाही. आणि शंभर टक्के खात्री देणाऱ्याकडे तर मुळीच नाही.

दुर्बिणीतून केल्यावर घरी लवकर जाता येतं, दुखतं कमी. पण आत सुईकाम करणं फार अवघड असतं. सराव असलेल्या हातात दोन्ही पद्धतींचे निकाल चांगले येतात, म्हणून पद्धतीपेक्षा हात निवडा.

ऑपरेशनचा दिवस

तारीख पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात देतात, म्हणजे त्या महिन्यात गर्भ राहिलेला नसतो आणि आतलं अस्तर पातळ असतं. आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं.

पोट उघडून करायचं असेल तर सिझेरियनसारखीच, पण लहान, आडवी चीर ओटीपोटावर देतात. आधीच्या सिझेरियनचा व्रण असेल तर बहुतेक वेळा तिथूनच जातात. नळीचं बांधलेलं टोक शोधून त्यावरचा निबर भाग काढतात, आतलं गुलाबी, ओलं भोक दिसेपर्यंत. मग पिशवीतून निळं औषध सोडतात. टोकातून निळा थेंब आला की त्या बाजूची वाट मोकळी आहे हे कळतं. दोन्ही टोकं समोरासमोर आणून केसाहून बारीक दोऱ्यानं टाके घालतात. घड्याळाच्या काट्यांच्या जागी सहा, तीन, नऊ आणि बारा वाजता, असे चार टाके स्नायूच्या थरात, आणि वरून आवरणाला वेगळे. हात हलका ठेवावा लागतो. कुठं रक्त साचू द्यायचं नाही, नळी सतत सलाईननं ओली ठेवायची, कारण कोरडी पडली की आतडं चिकटतं आणि सगळं केलेलं वाया जातं. १९७० च्या दशकात कॅनडात व्हिक्टर गोमेल आणि ब्रिटनमध्ये रॉबर्ट विन्स्टन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली असं काम करून दाखवलं, तेव्हापासून निकाल सुधारले. शेवटी पुन्हा निळं औषध सोडतात. झालरीतून निळं टपकलं, की ऑपरेशन थिएटरमधल्या सगळ्यांचा श्वास सुटतो. मी तो क्षण अनेकदा पाहिलाय, आणि दर वेळी बरं वाटलं.

दोन-तीन तास लागतात. एकाच बाजूची नळी जोडता आली तरी दिवस राहू शकतात, फक्त शक्यता कमी होते. बाहेर बसलेल्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर "एकच झाली" ऐकून रडारड सुरू होते.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्याच: कोणत्या बाजूची नळी जोडली, जोडल्यावर लांबी किती राहिली, आणि निळं औषध बाहेर आलं का. पुढच्या डॉक्टरला याच ओळी लागतात. मागच्या वेळी कागद सापडला नाही म्हणून किती हिंडावं लागलं, ते आठवा.

घरी आल्यावर

पोट उघडलं असेल तर दोन-तीन दिवसांनी सोडतात. महिना-दीड महिना पाण्याची कळशी, गवताचा भारा, धान्याचं पोतं उचलायचं नाही. हे सांगणं सोपं, पाळणं अवघड, हे मला माहीत आहे. म्हणून ऑपरेशनची तारीख सोयाबीन काढणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत घेऊ नका आणि माहेरी जाता येत असेल तर जा. चालणं-फिरणं मात्र दुसऱ्या दिवसापासून हवं. ताप, टाक्यातून पू, वाढत जाणारी पोटदुखी यांपैकी काहीही झालं तर सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका.

संबंध आणि गर्भासाठी प्रयत्न कधी सुरू करायचे ते डॉक्टर सांगतील. बहुतेक जण एक ते तीन पाळ्या जाऊ द्यायला सांगतात. फॉलिक ॲसिडची गोळी तेव्हापासूनच घ्या. पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहा, न चुकता.

पाळी चुकली तर

हा भाग घरातल्या दुसऱ्या माणसालाही वाचून दाखवा.

जोडलेल्या नळीत टाक्याच्या जागी वाट थोडी अरुंद असते. तिथे गर्भ अडकून नळीतच वाढू लागण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. या ऑपरेशननंतर राहिलेल्या शंभर गर्भांपैकी चार ते आठ असे निघतात. नळीतला गर्भ वाचवता येत नाही, आणि नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन बाईचा जीव जातो.

म्हणून पाळी चार-पाच दिवस पुढं गेली की लघवीची तपासणी करा. दोन रेघा आल्या की पेढे वाटायच्या आधी दवाखाना. बीटा-एचसीजीची, म्हणजे गरोदरपणातल्या हार्मोनची, रक्ततपासणी दोन दिवसांच्या अंतरानं दोनदा करतात. सहाव्या आठवड्याच्या सुमारास आतून सोनोग्राफी करून गर्भ पिशवीत आहे ना ते पाहतात. एका बाजूला दुखणं, काळपट डाग जाणं, चक्कर, खांद्याच्या टोकाला दुखणं, यांतलं काहीही झालं तर १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा: "माझ्या नळ्या जोडलेल्या आहेत." लवकर कळलं तर काही वेळा इंजेक्शननंही निभावतं.

दिवस राहिलेच नाहीत, किंवा राहिले तर

सहा महिने प्रयत्न करून काही झालं नाही तर एचएसजी करून नळी मोकळी आहे का ते पाहतात. पस्तिशीच्या पुढच्या बाईनं त्याहून लवकर विचारावं. यश मिळायचं असतं तेव्हा बहुतेकींना पहिल्या दीड वर्षात मिळतं. तोवर नाही झालं तर त्याच नळ्या पुन्हा जोडण्यापेक्षा आयव्हीएफचा विचार बरा. दत्तक घ्यायचं मनात असेल तर त्यासाठी केंद्र सरकारच्या कारा या यंत्रणेकडे नोंदणी करावी लागते आणि थांबावं लागतं, तेव्हा नोंदणी उशिरा करू नका.

गर्भ पिशवीत नीट वाढत असेल तर पुढचं गरोदरपण इतरांसारखंच. फक्त नळ्या जोडल्या म्हणून सिझेरियनची गरज पडत नाही. आधीच्या सिझेरियनचे व्रण असतील, किंवा नळी थेट पिशवीच्या भिंतीत बसवावी लागली असेल, तर डॉक्टर तसं ठरवतील. आणि बाळंतपणाला जाताना फाईलवर एक ओळ आधीच लिहून घ्या, की पुढे काय वापरायचं आहे. तांबी दहा वर्षांपर्यंत चालते आणि हवी तेव्हा काढता येते. टेबलावर झोपलेली असताना "नळ्या परत बांधू ना?" असं विचारलं जाण्याआधी तुमचं उत्तर कागदावर असू द्या.